प्रोग्राम लिहिण्याआधी: कर्लने हवामानाचा एपीआय कसा तपासावा

मे महिन्यात रावेरला केळीच्या बागेत भाच्याने स्वतः लिहिलेला प्रोग्राम दादाला दाखवला. तासातासाचं तापमान येत होतं, पण सगळ्यात जास्त ऊन दिसत होतं सकाळी दहाला. दादा म्हणाला, "दहाले? ऊन त तीनले तापतं!" दादाचंच बरोबर होतं. मी आणि भाच्याने दीड तास प्रोग्रामची एकेक ओळ तपासली. चूक मात्र एपीआयला (प्रोग्रामने दुसऱ्या संगणकाकडून माहिती मागायची सोय) पाठवलेल्या पत्त्यात होती. तो पत्ता आधी कर्लमध्ये टाकून आलेलं उत्तर नीट वाचलं असतं, तर दोन मिनिटांचं काम होतं. म्हणून माझं सांगणं असतं की आधी हाताने विचारून बघा, प्रोग्राम नंतर.

कर्ल म्हणजे टर्मिनलमधून (आज्ञा टाइप करायच्या खिडकीतून) वेबला विनंती पाठवणारं छोटं, मोफत साधन. हे नाव त्याला १९९८ पासून आहे. लिनक्स आणि मॅकवर ते बहुधा असतंच. विंडोज १० मध्ये २०१८ च्या अपडेटपासून आलेलं आहे. विंडोजच्या जुन्या पॉवरशेल टर्मिनलमध्ये 'कर्ल' या नावाने दुसरीच आज्ञा चालते, म्हणून तिथे 'कर्ल.ईएक्सई' असं पूर्ण लिहा. लॅपटॉप नसेल तर अँड्रॉइडवर टर्मक्स या टर्मिनल अ‍ॅपमध्येही चालतं.

सरावासाठी ओपन-मीटिओ या हवामान-सेवेचा एपीआय घ्या. बिगर-व्यावसायिक वापराला तो मोफत आहे आणि 'की' (वापरणाऱ्याची ओळख पटवणारा सांकेतिक शब्द) लागत नाही. खालचे शब्द उच्चाराप्रमाणे दिलेत. टाइप करताना अक्षरं आणि अंक इंग्रजीच हवेत.

कर्ल "एचटीटीपीएस://एपीआय.ओपन-मीटिओ.कॉम/व्ही१/फोरकास्ट?लॅटिट्यूड=२१.२४&लाँगिट्यूड=७६.०३&अवरली=टेम्परेचर_२एम"

प्रश्नचिन्हापर्यंत पत्ता, त्याच्यापुढे तुमचे प्रश्न. प्रत्येक प्रश्नाला नाव, बरोबरचं चिन्ह आणि किंमत; दोन प्रश्नांच्या मधे '&'. इथले आकडे रावेरचे अक्षांश-रेखांश आहेत. जळगावला २१.०१ आणि ७५.५६ टाका. पत्त्याभोवतीची दुहेरी अवतरणचिन्हं विसरू नका. ती नसली तर टर्मिनल '&'पाशी आज्ञा तोडतं, रेखांश पोचतच नाही आणि आपण एपीआयला दोष देत बसतो.

एंटर दाबलं की जेसनचा (नाव आणि किंमत अशा जोड्यांत माहिती लिहायच्या पद्धतीचा) सलग गठ्ठा पडेल. घाबरू नका, सावकाश वाचा. 'अवरली' या भागात दोन याद्या दिसतील: एक वेळांची, एक तापमानांची. पहिल्या यादीतल्या पाचव्या वेळेचं तापमान दुसऱ्या यादीत पाचवंच. काही वेगळं सांगितलं नाही तर सात दिवसांचे, म्हणजे १६८ आकडे येतात. उत्तरातले अक्षांश-रेखांश तुमच्यापेक्षा किंचित वेगळे दिसले तर ती चूक नाही. अंदाज चौकटीचौकटीने काढलेला असतो आणि उत्तर जवळच्या चौकटीचं मिळतं.

आता आमची चूक. उत्तरात 'यूटीसी_ऑफसेट_सेकंड्स' शोधा. तिथे शून्य असेल तर वेळा ग्रीनिचच्या आहेत. आपलं घड्याळ साडेपाच तास पुढे, म्हणून दुपारी साडेतीनचं ऊन सकाळी दहाला दिसतं. पत्त्याच्या शेवटी '&टाइमझोन=एशिया/कोलकाता' जोडून पुन्हा विचारा. तोच आकडा १९८०० झाला, म्हणजे साडेपाच तासांचे सेकंद, की वेळ आपली.

पुढे वाराही मागा. घड लागलेल्या केळीला उन्हाइतकीच वादळाची भीती. उगाच नाही आपल्याकडे बागेभोवती शेवरी लावत. 'टेम्परेचर_२एम'नंतर स्वल्पविराम देऊन, जागा न सोडता 'विंड_गस्ट्स_१०एम' लिहा. हे जमिनीपासून १० मीटरवरचे वाऱ्याचे झोत, ताशी किलोमीटरमध्ये. एकक उत्तरातल्या 'अवरली_युनिट्स'मध्ये लिहिलेलं असतं. दरवेळी ते बघा, गृहीत धरू नका.

काही बिघडलं तर 'कर्ल'नंतर '-आय' लिहा (लहान लिपीतला). मग उत्तराच्या वर पहिल्याच ओळीत स्थितीचा आकडा येतो. २०० म्हणजे ठीक. ४०० म्हणजे प्रश्न चुकला. मुद्दाम 'टेम्परेचर'चं एक अक्षर गाळून बघा: ४०० येईल आणि 'रीझन'मध्ये कारणही मिळेल. ४०१ किंवा ४०३ आला तर की किंवा परवानगी तपासा, ४०४ आला तर पत्ता. ४२९ म्हणजे फार वेळा विचारलंत, थांबा. ५०० आणि पुढचे आकडे म्हणजे बिघाड बहुधा त्यांच्या बाजूला आहे. आपला प्रश्न बदलत बसू नका.

टर्मिनल नकोसं वाटत असेल तर पोस्टमन हे विनंत्या पाठवायचं अ‍ॅप घ्या. त्यात 'पॅराम्स'च्या तक्त्यात एकेक प्रश्न भरता येतो, जेसन नीट मांडून दिसतं आणि तीच विनंती कर्लच्या किंवा पायथन या प्रोग्रामिंग भाषेच्या रूपातही मिळते. मी शिकवताना तरी कर्लपासूनच सुरू करते, कारण तिथे काय पाठवलं ते अक्षर न अक्षर डोळ्यांसमोर राहतं.

हे जमलं की बाजारभावाकडे वळा. केंद्र सरकारच्या डेटा.जीओव्ही.इन वर बाजार समित्यांचे रोजचे भाव एपीआयने मिळतात, तेही क्विंटलमागे. तिथे नोंदणी करून स्वतःची की घ्या. नमुन्याच्या कीवर एका वेळी १० च नोंदी येतात. राज्य किंवा पीक निवडण्याच्या प्रश्नात चौकोनी कंस असतात आणि कर्ल त्यांचा वेगळाच अर्थ लावतं. 'बॅड रेंज' अशी तक्रार दिसली तर 'कर्ल'नंतर '-जी' लिहा. आणि मदत मागताना टर्मिनलचा फोटो ग्रुपवर टाकण्याआधी त्यातली की झाका. गेलीच बाहेर, तर ती वापरणं बंद करून नवी घ्या.