केटलबेल आणि सोललेले तळवे

केटलबेलचे, म्हणजे वर कडीसारखी मूठ असलेल्या लोखंडी गोळ्याचे, शंभर स्नॅच (एका हाताने झोका देऊन थेट डोक्यावर उचलणं) करायचेच, या हट्टापायी माझ्या उजव्या तळव्याचं सालटं अनामिकेखाली रुपयाएवढं निघालं. त्या रात्री भाकरी डाव्या हाताने थापली. ती कशी झाली ते विचारू नका.

चूक पकडीत होती. मी १६ किलोच्या केटलबेलची मूठ तळव्याच्या मधोमध आवळायचे. केटलबेल खाली येताना मूठ बोटांकडे घसरते आणि वाटेतला घट्टा ओढून नेते. म्हणून झोक्यात मूठ बोटांच्या मुळाशी, आकड्यासारखी अडकवा. वर जाताना पकड सैल करून हात मुठीत आत सरकवा, उतरताना पुन्हा बोटांवर घ्या. घट्ट आवळलं की सोललंच समजा.

घट्टे पूर्ण काढू नका, सपाट ठेवा. आंघोळीनंतर कातडी मऊ असते, तेव्हा वज्री हलकेच फिरवायची (टाचांची वेगळी ठेवा, बाई!) आणि झोपताना खोबरेल. पकडीसाठी हाताला लावायची खडूची पूड चिमूटभरच. जास्त झाली तर मूठच खरखरीत होते. तळवा गरम होऊन चुरचुरला की सेट तिथेच थांबवा.

तरीही सोललंच, तर साबण आणि वाहत्या पाण्याने धुवा. लोंबतं सालटं ओढायचं नाही, स्वच्छ कात्रीने कापायचं. वर व्हॅसलीन आणि पट्टी, रोज बदलून. लाली पसरली, पू झाला किंवा ठणका वाढला तर डॉक्टरांकडे जा. धनुर्वाताच्या इंजेक्शनचंही विचारा. नवी कातडी धरेपर्यंत झोके बंद. मी तेवढे दिवस नुसत्या बैठका मारल्या.