सेन्सर बिघडला म्हणण्याआधी या चुका टाळा

रात्री अडीच वाजता फोन ठणाणा करतो : शुगर ५५. घाबरून चार चमचे साखर पोटात जाते आणि सकाळी आकडा २५० च्या वर. मग दंडावर चिकटवलेला, सतत शुगर मोजून फोनवर दाखवणारा सेन्सर 'खराब निघाला' म्हणून उपटला जातो. खरं तर बरेचदा माणूस त्याच कुशीवर झोपलेला असतो.

हा सेन्सर थेट रक्तात नसतोच. त्याची बारीक तार त्वचेखाली, पेशींच्या मधल्या द्रवात असते. वरून अंगाचा भार पडला की तिथला रक्तपुरवठा दबतो, ताजं ग्लुकोज पोचत नाही आणि आकडा घसरतो. कूस बदलली की आलेख थोड्या वेळात आपोआप वर येतो. घाम, थरथर, गोंधळल्यासारखं होत असेल तर मात्र तपासत बसू नका, लगेच साखर खा. लक्षणं नसतील तर बोट टोचून ग्लुकोमीटरवर खात्री करा.

त्याच द्रवामुळे सेन्सर रक्ताच्या साधारण ५ ते १५ मिनिटं मागे चालतो. जेवल्यावर लगेच दोन्ही आकडे शेजारी ठेवून भांडण्यात अर्थ नाही. तुलना फोनवर आकड्याशेजारचा बाण आडवा, म्हणजे शुगर स्थिर असताना करा, आणि तीही पहिला दिवस उलटल्यावर. नवा सेन्सर त्वचेत रुळायला वेळ घेतो.

गोळ्यांकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही. काही सेन्सरांत एन्झाइमच्या क्रियेतून तयार झालेलं हायड्रोजन पेरॉक्साइड इलेक्ट्रोडवर मोजतात. व्हिटॅमिन सी किंवा पॅरासिटामॉलही तिथेच विद्युतप्रवाह वाढवू शकतं, म्हणून शुगर खोटी जास्त दिसते. त्या आकड्यावर इन्सुलिन घेतलं तर शुगर खरोखरच धोकादायक खाली जाईल. कोणतं औषध किती चालतं हे मॉडेलनुसार बदलतं, त्यामुळे माहितीपत्रक वाचाच. (ते डब्यासकट फेकून देणारे आपणच.)

चिकटवण्याचे नियम साधे आहेत : लोशन नको, स्पिरिट पूर्ण वाळू द्या, दर वेळी जागा बदला. पट्टी लवचीक आहे म्हणून ती ताणून लावू नका. ताणलेली पट्टी कडेने सुटते.

हृदयाचे ठोके नोंदवणाऱ्या, छातीवरच्या ईसीजी पट्टीचं दुखणं वेगळं. कोपरा सुटला की रेघ वरखाली डोलते. जोरात दात घासताना तर हाताच्या हालचालीमुळे आलेख हृदयाच्या गंभीर अनियमित ठोक्यांसारखा दिसू शकतो! चक्कर किंवा धडधड जाणवली की पट्टीवरचं बटण दाबा आणि त्या वेळी काय करत होतात ते लिहून ठेवा. त्या नोंदीशिवाय डॉक्टरांना नुसती रेघ वाचावी लागते.

हृदयाचे ठोके नोंदवणारा, त्वचेखाली बसवलेला लूप रेकॉर्डर काही वर्षं चालतो. पण 'आत बसवलाय, म्हणजे डॉक्टर सतत बघतायत' हा समज काढून टाका. नोंदी उशाजवळच्या ट्रान्समीटरमधून किंवा फोनवरून जातात आणि नंतर तपासल्या जातात. ट्रान्समीटरचा प्लग काढून तिथे मोबाइल चार्जिंगला लावला, तर त्या काळात नोंदी पुढे जात नाहीत. छातीत दुखलं तर रेकॉर्डरच्या भरवशावर थांबू नका, रुग्णवाहिका बोलवा.