रामरक्षेला अथर्वशीर्षाची चाल लावू नका

स्तोत्र शिकायला येणाऱ्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "किती दिवसांत पाठ होईल?" कसं म्हणायचं हे कुणी विचारत नाही. मग दरवर्षी गणपतीच्या तोंडावर त्याच त्या चुका दुरुस्त करत बसायचं.

सगळ्यात जुनं दुखणं म्हणजे पद्धतींची सरमिसळ. गणपती अथर्वशीर्ष बहुतेक गद्य आहे आणि ते वेदपाठाच्या स्वरांत म्हणतात. सस्वर पोथीत अक्षराखाली आडवी रेघ असेल तिथे आवाज उतरतो, डोक्यावर उभी रेघ असेल तिथे चढतो. त्या रेघा शोभेसाठी छापलेल्या नाहीत. रामरक्षेला अशा रेघा नसतात. ती मुख्यतः अनुष्टुभ छंदात आहे, ८ अक्षरांचा एक चरण, आणि तिचं सगळं लघु-गुरूवर चालतं. शिवतांडव पंचचामर वृत्तात, १६ अक्षरांचा चरण, लघु-गुरू एकाआड एक, त्यामुळे ते मुळातच धावतं. तरीही लोक अथर्वशीर्षाचे चढउतार रामरक्षेला लावतात, रामरक्षा तांडवाच्या वेगाने पळवतात आणि अथर्वशीर्षाला मात्र तबल्यावरची चाल! ऐकायला गोड लागते, नाही म्हणत नाही. पण तालात बसवायच्या नादात "त्वमेव"चं "त्वमेवाऽ" होतं आणि मग ते कायमचं जिभेवर बसतं.

एका सामूहिक पठणात अथर्वशीर्षाची २१ आवर्तनं ठरली होती. निम्मी मंडळी रेकॉर्डिंगवरून शिकलेली, निम्मी गुरुजींकडे. पहिलं आवर्तन "वरदमूर्तये"पर्यंत कसंबसं एकत्र पोचलं. तिथून गुरुजींचे विद्यार्थी परत "ॐ नमस्ते गणपतये"वर गेले आणि रेकॉर्डिंगवाले तडक "एतदथर्वशीर्षं योऽधीते" म्हणत फलश्रुतीत, म्हणजे पाठाचं फळ सांगणाऱ्या शेवटच्या भागात, शिरले. रेकॉर्डिंगमध्ये एकच आवर्तन असतं, म्हणून फलश्रुती लगेच येते. अनेक आवर्तनं असली की ती शेवटच्या आवर्तनानंतर एकदाच म्हणायची, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. कुणी थांबेना, उलट दोन्हीकडचे आवाज चढले. आवर्तनं मोजायला सुपाऱ्या मांडून बसलेल्या काकू सुपारी हातात धरून दोन्ही बाजूंना बघत राहिल्या. शेवटी कुणीतरी शंख फुंकला, तेव्हा शांतता झाली. तेव्हापासून मी सुरुवातीलाच विचारून घेते, पाठ कुणाचा, फलश्रुती कधी आणि पुढे कोण म्हणणार. पुढे म्हणणारा एकच हवा. तो थोडा बेसूर असला तरी चालेल.

दुसरी चूक श्वासाची. रामरक्षेतली ही ओळ घ्या: "पातालभूतलव्योमचारिणश्छद्मचारिणः". चरण "व्योम"शी संपतो, क्षणभर थांबायचं ते तिथे. घाईत म्हणणारे दम संपेल तिथे थांबतात, म्हणजे नेमके "चारिण"वर, आणि मग "श्छद्म"ने सुरुवात करताना बोबडी वळते. वळणारच, कारण तो श् मागच्या शब्दाच्या विसर्गाचा आहे: चारिणः आणि छद्मचारिणः. मी आधी संधी सोडवून म्हणून घेते, मग जोडून, बोटांवर अक्षरं मोजत. वेगाचं नाव शेवटी. दुप्पट वेगाने ऐकून पाठ करणाऱ्यांना मी शिकवत नाही, सरळ सांगते.

पाणिनीय शिक्षा या उच्चारावरच्या जुन्या ग्रंथात अधम पाठकांचे सहा प्रकार दिले आहेत: गाऊन म्हणणारा, घाई करणारा, डोकं हलवणारा, लिहिलेलं पाहून वाचणारा, अर्थ न जाणणारा आणि बारीक आवाजाचा. हे वेदपाठाबद्दल आहे, मान्य. पण यातले चार तरी कुठल्याही पठणात पहिल्या रांगेत बसलेले असतात, आणि मोबाइलमध्ये बघून म्हणणाऱ्यांची सोय त्या यादीत आधीच झाली आहे.

विसर्ग गिळू नका. ओळीच्या शेवटी रामः असेल तर "रामह", हरिः असेल तर "हरिहि", आणि तोही हलका, ढेकर दिल्यासारखा नको.

श आणि ष वेगळे ठेवा. जमत नसेल तर निदान "ष"चा "ख" करू नका.

ज्ञ आणि ऋ वरून भांडू नका. मराठी माणूस "द्न्य" म्हणतो, हिंदी भाषक "ग्य". आपण "रु" म्हणतो, ते "रि". ज्यांच्याकडे शिकलात त्यांचं ठेवा, फक्त एका बैठकीत दोन्ही नकोत.