फिश टँकमध्ये जास्त खाद्य पडल्यास काय करावे

गणपतीत किंवा दिवाळीत घर बंद असताना शेजाऱ्यांनी मायेपोटी मूठभर खाद्य टाकणे, किंवा लहान मुलाच्या हातून अख्खा डबा टँकमध्ये उलटणे, हे प्रकार सर्रास घडतात. अशा वेळी मासे जास्त खाऊन दगावतील या भीतीपेक्षा न खाल्लेल्या खाद्याची काळजी अधिक करावी, कारण ते कुजून तयार होणारा अमोनिया माशांचे कल्ले जाळतो आणि कुजवणारे जिवाणू पाण्यातील प्राणवायू संपवतात.

प्रथम काही मिनिटांसाठी फिल्टर बंद करावा, म्हणजे खाद्य आत ओढले जाणार नाही. तरंगणारे खाद्य बारीक जाळीने उचलावे व तळाशी बसलेले सायफनने (पाणी ओढून काढणाऱ्या नळीने) खडीतून ओढून घ्यावे. त्यानंतर फिल्टर लगेच सुरू करावा, कारण अमोनियाचे नायट्राइट आणि पुढे नायट्रेट करणारे उपयुक्त जिवाणू मुख्यतः त्याच्या स्पंजमध्ये राहतात आणि त्यांनाही प्राणवायू लागतो. एअर पंप असल्यास तोही चालू ठेवावा.

घाबरून सगळे पाणी फेकणे आणि स्पंज नळाखाली धुणे, ही या प्रसंगातील सर्वांत महागात पडणारी चूक आहे, कारण नळाच्या पाण्यातील क्लोरीन त्या जिवाणूंना मारते. स्पंजमध्ये खाद्य अडकले असेल, तर तो टँकमधूनच काढलेल्या पाण्यात हलक्या हाताने पिळावा. एका वेळी एक तृतीयांश ते निम्मे पाणी बदलावे. नवे पाणी अँटी-क्लोरीन घातलेले आणि टँकइतक्याच तापमानाचे असावे. बोअरचे पाणी वापरणाऱ्यांनी अधिक जपावे: ते बहुधा अल्कधर्मी असते, आणि पीएच वाढला की तोच अमोनिया अधिक विषारी होतो, त्यामुळे तेथे थोडे थोडे पाणी अनेकदा बदलणे सुरक्षित ठरते.

पुढील काही दिवस टेस्ट किटने रोज तपासणी करावी. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य असायला हवेत. तसे नसल्यास पुन्हा पाणी बदलावे. नायट्राइट वाढून मासे पृष्ठभागाशी धापा टाकू लागले, तर लिटरमागे सुमारे एक ग्रॅम मीठ वेगळ्या पाण्यात विरघळवून हळूहळू घालावे, कारण मिठातील क्लोराइड कल्ल्यांतून नायट्राइट शिरू देत नाही. कोरीडोरास (तळाशी राहणारा लहान कॅटफिश) किंवा नाजूक वनस्पती असल्यास मात्र हे प्रमाण कमी ठेवावे.

दोन-तीन दिवस खाद्य पूर्ण बंद ठेवावे. मोठ्या माशांना त्याचा त्रास होत नाही, पिल्लांना मात्र होतो. गोल्डफिशला खरे जठर नसल्याने तो मिळेल तितके खात राहतो. त्याचे पोट फुगल्यास उपवासानंतर उकडून सोललेला मटार कुस्करून द्यावा. फायटर मासा मांसाहारी असल्यामुळे त्याला मटार न देता डॅफ्निया (पाण्यातील सूक्ष्म कवचधारी जीव) द्यावा.

ऑस्करसारख्या मोठ्या माशाने कोरीडोरास गिळला, तर त्याचे ताठ काटे घशात अडकतात. अशा वेळी शेपटी धरून ओढू नये, कारण त्याने जखम वाढते. माशांवर उपचार करणाऱ्या पशुवैद्याला गाठावे. हे दोन मासे एकत्र ठेवूच नयेत, असे माझे ठाम मत आहे.

गावी जाताना निरोगी प्रौढ मासे आठवडाभर खाद्याशिवाय सहज राहतात, म्हणून शेजाऱ्यांकडे किल्ली दिली तरी खाद्याचा डबा कपाटात बंद करून ठेवावा. मुक्काम त्याहून लांबणार असेल, तर एकेका वेळेपुरत्या पुड्या बांधून प्रत्येकीवर तारीख लिहून द्यावी.