एल्कची रायफल आणि तिची सरावाची जोडीदार : या चुका टाळा

तीन शनिवार मी काडतुसांना दोष देत होतो. एल्क या मोठ्या हरणाच्या शिकारीसाठी घेतलेली नवी कोरी रायफल, ३०० विन मॅग या जोरकस काडतुसाची; कार्बन फायबरचा स्टॉक (खांद्याला टेकतो तो दस्ता), नावाजलेली बॅरल (नळी), आणि १०० यार्डांवर पाच गोळ्या तळहाताएवढ्या जागेत विखुरलेल्या. एक मधोमध, दुसरी तीन इंच डावीकडे, तिसरी परत मधोमध. पहिल्या शनिवारी काडतुसांचा ब्रँड बदलला, दुसऱ्या शनिवारी आणखी एक. तिसऱ्या शनिवारी शेजारच्या बाकावरचे एक आजोबा उठून आले, स्कोप (नेमाची दुर्बीण) मुठीत धरून हलकेच पिरगाळल्यासारखा केला आणि म्हणाले, "पुढचा स्क्रू काढून बघ बरं."

काढला. रिसीव्हरवर (नळी आणि ट्रिगर ज्याला जोडतात तो मधला भाग) स्कोपचा बेस, म्हणजे खालची पट्टी, बसवणारा तो पुढचा स्क्रू जरासा लांब होता. त्याचं टोक रिसीव्हरच्या आरपार जाऊन आत बॅरलच्या आट्यांवर टेकत होतं. टॉर्कचा (ठरावीक जोरापर्यंतच पिळणारा) पाना 'कट्ट' वाजायचा, हाताला स्क्रू घट्ट लागायचा, आणि खाली बेस मात्र ढिला तो ढिलाच. गॅरेजमध्ये कानस घेऊन टोक थोडं उतरवलं. पुढच्या शनिवारी पाच गोळ्या एका नाण्याखाली झाकल्या गेल्या. तोवर वाया गेलेल्या काडतुसांत सरावाच्या दुसऱ्या रायफलीचा चांगला ट्रिगर आला असता.

मी अमेरिकेत, कोलोरॅडोत राहतो. इथली शेजारची पोरं बाराव्या वर्षापासून मोठी शिकार करू शकतात, बापाच्या मागून डोंगर चढत शिकतात. आपल्याकडे भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार हा विषयच मिटला. मिटला ते बरंच झालं, पण त्यामुळे आपल्या पिढीला मामाची बंदूकही नाही आणि खांद्यावर हात ठेवून शिकवणारं कुणी नाही. आपण पस्तिशीत एकदम दुकानात जाऊन उभे राहतो, खिशात पैसे असतात आणि मोबाइलमध्ये व्हिडिओ.

दुकानात जाण्याआधीची चूक

पहिली चूक कागदांची. अमेरिकेच्या कायद्यात रिसीव्हर म्हणजेच बंदूक. बॅरल, स्टॉक, ट्रिगर हे नुसते सुटे भाग. ते घरपोच येतात म्हणून रिसीव्हरही येईल असं समजू नका. तो परवानाधारक डीलरकडे येतो, फॉर्म ४४७३ (बंदूक घेणाऱ्याचा सरकारी अर्ज) भरून आणि पार्श्वभूमी तपासणी होऊनच हातात मिळतो. ग्रीन कार्डवाल्यांना यात अडचण नसते. पण एच-१बीसारख्या बिगर-स्थलांतरित व्हिसावर असाल, तर केंद्रीय कायद्याने बंदूक किंवा काडतूस बाळगायलाच मनाई आहे. आपल्या कामाचा अपवाद म्हणजे एखाद्या अमेरिकी राज्याचा चालू शिकार परवाना. यात 'चालू' या शब्दावर बोट ठेवा. परवान्याची मुदत संपली आणि रायफल कपाटात राहिली, तर अपवादही संपला. आपली बरीच मंडळी इथेच गाफील राहतात, आणि याची किंमत व्हिसात मोजावी लागू शकते. शंका असेल तर मित्राला नको, वकिलाला विचारा.

शिवाय १ जानेवारी १९४९ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना कोलोरॅडोत हंटर एज्युकेशनचं प्रमाणपत्र लागतं. म्हणजे आपल्या सगळ्यांनाच.

मोठं काडतूस, लहान सराव

एल्क हे आपल्या सांबराच्या भावकीतलं जनावर. भरलेला नर तीनशे किलोच्या आसपास जातो. आकडा ऐकला की माणूस घाबरून सगळ्यात मोठं काडतूस मागतो. कायदा तेवढं मागत नाही. कोलोरॅडोत एल्कसाठी किमान .२४ कॅलिबर (गोळीची जाडी, इंचात), ८५ ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप), आदळल्यावर फुलणारी गोळी आणि १०० यार्डांवर १००० फूट-पौंड ऊर्जा एवढीच अट आहे. मी कुणाला इतक्या तळाला जायला सांगणार नाही. १९६२ ची ७ एमएम रेमिंग्टन मॅग्नम आणि १९६३ ची ३०० विन मॅग आजही पुरून उरतात. नवं हवं असेल तर ७ पीआरसी आहे. पण आठ पौंडांच्या रायफलीत ३०० विन मॅगचा धक्का विसाव्या गोळीनंतर खांदा विसरत नाही. त्यानंतर तुम्ही सराव करत नसता, दचकायला शिकत असता. डोळा मिटतो, चाप हिसकला जातो, आणि दोष स्कोपवर जातो.

त्यात बॅरलचं आयुष्य. मॅग्नम काडतुसांची बॅरल दीड-दोन हजार गोळ्यांत थकते, २८ नॉस्लरसारखी जास्त तापट काडतुसं त्याहून लवकर. महिन्याला शंभर गोळ्या झाडायच्या म्हटल्या तर दोन वर्षांत बॅरलही संपली आणि पैसेही. म्हणून सरावाला दुसरी रायफल. ती चैन वाटते, पण दोन वर्षांचा हिशोब कागदावर मांडला की ती सोडून बाकीचंच चैनीचं वाटायला लागतं.

जोडीदार कशात जुळायला हवी

माझ्या मते सगळ्यात मोठी चूक इथे होते. मुख्य रायफलीवर सगळा पैसा ओततात आणि उरलेल्यात कुठलीतरी .२२ (अगदी लहान, स्वस्त काडतुसाची रायफल) उचलतात: पोरांच्या मापाचा स्टॉक, सहा पौंडांचा जोर लागणारा ट्रिगर, वर फुकटात आलेला स्कोप. मग वर्षभर एका बंदुकीची सवय करायची आणि ऑक्टोबरात शिकारीला दुसरीच हातात घ्यायची. तबला वाजवणाऱ्याने वर्षभर ढोलकीवर हात बसवावा, तसं.

जुळायला हवं ते हाताला आणि गालाला. बटापासून ट्रिगरपर्यंतचं अंतर, गाल टेकतो त्या भागाची उंची, ट्रिगरचा भार, सेफ्टीची (चाप अडवणाऱ्या खटक्याची) जागा. सेफ्टी दोन टप्प्यांची की तीन टप्प्यांची, एवढा फरकसुद्धा थंडीने बधिर झालेल्या अंगठ्याला पुरतो. स्कोपची जाळी (आतल्या नेमाच्या रेघा) एकच हवी, आणि मापही एकच: दोन्ही मिल किंवा दोन्ही एमओए (स्कोपवर कोन मोजायची ही दोन मापं). एका रायफलीवर मिल आणि दुसरीवर एमओए ठेवणारे लोक मी पाहिले आहेत. ते डोंगरावर बोटं मोजत बसतात. मिल म्हणजे १०० यार्डांवर ३.६ इंच, एमओए म्हणजे जेमतेम इंचभर. डोक्यात एकच पाढा राहू द्या.

म्हणून आधी पाया ठरवा, मग काडतूस. रेमिंग्टन ७०० च्या मापाचा रिसीव्हर घेतलात तर बर्गाराची बी-१४आर ही .२२ त्याच मापाच्या स्टॉकमध्ये बसते. टिक्का टी३एक्स घेतलीत तर टी१एक्स तिच्याच स्टॉकमध्ये बसते. दुसरा रस्ता ६.५ क्रीडमूर काडतुसाच्या रायफलीचा: धक्का सोसवेल असा, बॅरल बरीच टिकाऊ. पण काडतुसाचा भाव .२२ च्या कितीतरी पट. मी .२२ घेतली आणि परत घ्यायची वेळ आली तर तीच घेईन. कारण वारा.

ताशी १० मैलांचा आडवा वारा ३०० विन मॅगच्या २०० ग्रेनच्या गोळीला ५०० यार्डांवर साधारण फूटभर ढकलतो. तोच वारा .२२ च्या साध्या वेगाच्या गोळीला २०० यार्डांवर जवळपास तेवढाच ढकलतो. हवेत राहण्याचा वेळही दोघींचा सारखाच, सेकंदाच्या सहा दशांशाच्या आसपास. म्हणजे ५०० यार्डांचं वाऱ्याचं गणित २०० यार्डांच्या रेंजवर, काही सेंटांच्या गोळीने, खांदा न दुखवता शिकता येतं. गवत कुठे झुकतंय, मृगजळाच्या लाटा कुठल्या बाजूला वाहतायत, आपण किती धरलं आणि किती चुकलं, हे वहीत लिहा. दोनशे गोळ्यांनंतर वहीतली पानं बोलायला लागतात.

.२२ च्याही दोन खोड्या आहेत. पहिली, ती धक्का शिकवत नाही. त्यासाठी मुख्य रायफलीच्या मॅगझिनमध्ये मित्राला तुमच्या नकळत एखादं डमी काडतूस घालायला सांगा. डमीवर चाप ओढताना नळी खाली झुकली, तर दचकता आहात; वाद संपला. दुसरी खोडी बोल्टची (काडतूस आत ढकलणाऱ्या दांड्याची). .२२ चा बोल्ट वीतभरही मागे येत नाही, मॅग्नमचा बराच लांब येतो. वर्षभर आखूड हिसक्याची सवय लागली की नेमका एल्कसमोर बोल्ट अर्ध्यातून परत फिरतो आणि खाली रिकामी नळी. रोज रात्री पाच मिनिटं घरी मुख्य रायफलीचा बोल्ट डमी काडतुसांवर पूर्ण ओढायचा, खरी काडतुसं दुसऱ्या खोलीत कुलपात ठेवून.

बाकावर बसूनच सगळा सराव उरकणं हीही चूकच. कोल्हापूरच्या स्वप्नील कुसळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्य मिळवलं ते गुडघ्यावर, पालथं पडून आणि उभं राहून, ५० मीटरवर .२२ झाडून. डोंगरात सिमेंटचं बाक नसतं. पाठीवरची सॅक, काठ्या, पडलेलं झाड, एवढंच असतं.

थोडक्यात काही

बॅरलचा पीळ (आतल्या खाचा किती इंचांत एक वेढा घेतात ते) गोळीच्या लांबीला साजेसा घ्या. जुन्या ३०० विन मॅगचा १:१० पीळ आजच्या लांबलचक गोळ्यांना कमी पडू शकतो. ७ एमएममध्ये १८० ग्रेनच्या गोळीला १:८ हवा. नळीचं बसवणं आणि हेडस्पेस (बोल्टपुढे काडतुसाला मिळणारी जागा) 'गो' आणि 'नो-गो' गेजने तपासणं हे गनस्मिथचं, म्हणजे बंदुकीच्या कारागिराचं काम, यूट्यूबचं नव्हे. चांगल्या गनस्मिथकडे रांग असते, तेव्हा ऑक्टोबरच्या हंगामासाठी जुलैत ऑर्डर देऊ नका.

२६ इंचांची जाड बॅरल रेंजवर राणी असते आणि दहा हजार फुटांवर नवरदेवाची वरात. उचलून चढायची आहे, हे विसरू नका. मझल ब्रेक (नळीच्या तोंडाशी वायू बाजूला सोडणारा तुकडा) लावलात तर धक्का कमी होतो, पण कानाचे पडदे आणि शेजाऱ्याची मैत्री दोन्ही पणाला लागतात. कानांत बोळे शिकारीतही हवेतच. आणि स्कोप २५ पटीवर ठेवून दाट पाइनमध्ये शिरू नका. मी शिरलो होतो. ऐंशी यार्डांवर नर उभा होता आणि मला दिसला तो फक्त तपकिरी केसांचा गालिचा. चालताना स्कोप सगळ्यात कमी पटीवर.

अॅपला खोटं सांगू नका

बॅलिस्टिक अॅपमधली (गोळी किती खाली पडेल ते सांगणाऱ्या) चूक हवेच्या दाबाची. हवामान खात्याचा दाब समुद्रसपाटीला जुळवलेला असतो, पाऱ्याच्या २९-३० इंचांच्या घरात. नऊ हजार फुटांवर खरा दाब २१ इंचांच्या आसपास असतो. पहिला आकडा 'इथला दाब' म्हणून भरलात की अॅपला हवा दाट वाटते, ते जास्त उचलायला सांगतं, आणि ५०० यार्डांवर गोळी तीनेक इंच वर जाते. लांब गेलात की चूक झपाट्याने वाढते. खिशातल्या वारामापकाचा स्थानिक दाब भरा, किंवा फक्त उंची भरून बाकीचं अॅपवर सोडा. दोन्ही एकदम नको. उतारावर आडवं अंतर धरा: तीस अंशाच्या उतारावर ४०० यार्ड म्हणजे गोळीच्या हिशोबाने ३४६.

गोळी कुठवर फुलते हेही आधीच पाहून ठेवा. बऱ्याच शिकारी गोळ्यांना आदळताना सेकंदाला १८०० ते २००० फुटांचा वेग लागतो. त्याखाली ती सुईसारखी आरपार जाते आणि जनावर जखमी होऊन दरीत उतरतं. तो वेग जिथे संपतो, तिथे तुमचा पल्ला संपला, टरेटवर (स्कोपच्या फिरत्या बटणावर) आणखी कितीही घरं उरलेली असोत. माझा पल्ला त्याहूनही अलीकडे संपतो: सॅकवर टेकून, धाप लागलेली असताना, दहापैकी दहा गोळ्या जिथवर दहा इंचांच्या थाळीत पडतात तिथवर. सध्या तो ४२५ यार्ड आहे.

लक्षणावरून रोग

गोळ्या दोन वेगळ्या ठिकाणी गोळा होत असतील, तर आधी स्कोपचे स्क्रू, मग स्टॉकचे स्क्रू, मग बॅरल स्टॉकला कुठे घासतेय का ते कागदाची पट्टी सरकवून बघा. गोळ्या तापल्यावर एका दिशेने सरकत असतील, तर बॅरल थंड होऊ द्या. शिकारीत मोजायची ती थंड नळीची पहिली गोळी. पसरट आडवा गट म्हणजे बहुधा वारा किंवा चाप, उभा गट म्हणजे श्वास किंवा काडतुसांतल्या वेगाचा फरक. तीन गोळ्यांचा सुंदर गट फ्रेम करून लावू नका, दहा झाडा. आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. मी ब्रँड, टॉर्क आणि बाकाची उंची एकाच दुपारी बदलली होती, म्हणून तीन शनिवार गेले.

टॉर्क बनवणाऱ्याच्या कागदावरचाच धरा. रिंगांना (स्कोप धरणाऱ्या कड्यांना) बहुधा १५ ते १८ इंच-पौंड असतो, बेसला त्याहून थोडा जास्त. घट्ट केल्यावर प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावरून शेजारच्या धातूवर एक बारीक रेघ ओढा. खडबडीत रस्त्यावरून तीन तास गाडी हाकून कॅम्पला पोहोचलात की रेघ तुटली आहे का एवढंच बघायचं, मग कागदावर एक गोळी. मी रेघेला पांढरं नेलपॉलिश वापरतो. दर सप्टेंबरात बाटली घरातून गायब होते आणि बायको काही न विचारता थेट गॅरेजमध्ये जाते.