यकृतविकार: रुग्णसेवा आणि संशोधन यांची सांगड

एम.डी.नंतर तीन वर्षांच्या डी.एम. (अतिविशेषज्ञ पदवी) अभ्यासक्रमास आलेल्या डॉक्टराने संशोधनाचा विषय ग्रंथालयात शोधण्यापेक्षा वॉर्डात शोधावा, परळच्या के.ई.एम.सारख्या गजबजलेल्या रुग्णालयात तो रोज समोर येतो. जलोदराच्या रुग्णाच्या पोटातील पाण्यात प्रति घनमिलिमीटर २५० किंवा अधिक न्यूट्रोफिल पेशी (एक प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशी) आढळल्या, की जंतुसंसर्ग मानून कल्चरच्या (जंतू वाढवून पाहण्याच्या तपासणीच्या) अहवालाची वाट न पाहता प्रतिजैविके सुरू करतात. मग दाखल झाल्यापासून ही तपासणी होईपर्यंत किती तास गेले आणि त्याचा रुग्णावर काय परिणाम झाला, हा निवासी डॉक्टराला खरोखर झेपणारा प्रश्न आहे. जनुकांचा अभ्यास पुढे कधीतरी करता येईल.

नैतिकता समितीची मान्यता मिळाल्याशिवाय माहिती गोळा करू नये, आणि औषधचाचणी असेल तर पहिला रुग्ण सामील होण्यापूर्वीच भारतीय क्लिनिकल ट्रायल नोंदणीत तिची नोंद करावी. संमतीपत्र मराठी व हिंदीत हवे; मात्र यकृताच्या विकारामुळे भ्रम झालेला रुग्ण सही करू शकला, तरी ती संमती ठरत नाही, म्हणून अशा वेळी कायदेशीर प्रतिनिधीची संमती घ्यावी आणि शुद्ध आल्यावर रुग्णालाही विचारावे.

आजाराची तीव्रता दाखवणाऱ्या बिलिरुबिन, क्रिएटिनिन, आयएनआर (रक्त गोठण्याचे मोजमाप) आणि सोडियम या रक्तचाचण्यांची नोंद तपासणीच्या दिवशीच तक्त्यात करावी. रात्रपाळीनंतर लिहू म्हटलेले सहसा राहूनच जाते, त्यामुळे संशोधनासाठी आठवड्यातील एक दुपार विभागप्रमुखांकडून ड्युटीच्या तक्त्यातच लिहून घ्यावी.