परदेशातल्या निसर्गावर रचना करताना या चुका टाळा

युरोपात काही वर्षं काढून परतलेल्या संगीतकाराच्या नव्या रचनेत तीन गोष्टी हमखास सापडतात: पियानोवर सावकाश झरणारे स्वर, त्यावर सढळ हाताने ओतलेला रिव्हर्ब (आवाज मोठ्या जागेत घुमल्याचा परिणाम) आणि मागे पक्ष्यांचं रेकॉर्डिंग. शीर्षकात एखाद्या तळ्याचं नाव असतं. ऐकणाऱ्याला मात्र ऋतू कोणता, वेळ कोणती, काहीच उमगत नाही. आठवणीतून मूड मिळतो; पण तो आवाज कसा उठत होता, किती टिकत होता, आधी काय विरत होतं, हे आठवण सांगत नाही. ते तपासून लिहावं लागतं. इथे बासरी, व्हायोलिन, चेलो, पियानो आणि सोबत आधी रेकॉर्ड केलेला एक ट्रॅक असा लहान वाद्यमेळ धरला आहे.

बर्फाला रिव्हर्ब लावणं

ही सर्वांत मोठी चूक. ताजा भुसभुशीत बर्फ सच्छिद्र असतो आणि आवाज शोषून घेतो, त्यातही वरच्या कंप्रता (फ्रीक्वेन्सी) जास्त. म्हणून बर्फ पडल्यावर गल्ली कोरडी वाटते: जवळची पावलं स्पष्ट, लांबची ट्राम जवळजवळ गायब. चार सेकंदांचा रिव्हर्ब लावला की ऐकणारा थेट चर्चमध्ये जाऊन बसतो.

उपाय: रिव्हर्बची लांबी अर्ध्या सेकंदाच्या आसपास आणा. 'दूर' असलेल्या वाद्याचा आवाज नुसता कमी करू नका, त्याचे वरचे स्वरांशही (एका स्वरात मिसळलेले बारीक उपस्वर) कापा. पियानो पेडलशिवाय, तंतुवाद्यांना म्यूट (आवाज दबका करणारी चिमटी). दोन-तीन सेकंदांचे विराम खरोखर रिकामे ठेवा. त्यात मागची आस रेंगाळली तर परिणाम गेला. मात्र जुना, वर कडक कवच धरलेला बर्फ आवाज परत फेकतो. तेव्हा बर्फ नोव्हेंबरचा की मार्चचा, हे आधी ठरवा.

गोठलेल्या तळ्याचं गणित वेगळं. बर्फाच्या सलग थरातून उंच कंप्रता खालच्यांपेक्षा वेगाने धावतात. त्यामुळे लांब कुठे भेग पडली की काठावर उभ्या माणसाला वरून खाली घसरणारा 'प्यूंव' ऐकू येतो. बहुतेक जण तिथे संथ, हुरहुर लावणारी मींड लिहितात. चेलोवर जोरकस आघात, मग अर्ध्या सेकंदाच्या आत खाली घसरण, सुरुवातीला झपाट्याने आणि शेवटी मंदावत, असं लिहा.

घंटेसाठी मेजर कॉर्ड

सा-ग-प एकत्र वाजवलं की दाराची बेल वाजल्यासारखं वाटतं. सुरात मिळवलेल्या युरोपीय चर्चच्या घंटेत मुख्य स्वर सा धरला, तर खाली मंद्र सा, वर कोमल गंधार, पंचम आणि तार सा असे प्रमुख स्वरांश असतात. घंटेचा विषाद त्या कोमल गंधारात आहे.

पाचही स्वर एकाच ताकदीने वाजवले तरी घंटा होत नाही, कारण ते एकत्र विरत नाहीत. तार सा आघाताला ठळक, पण तो आणि पंचम लगेच जाणारे. कोमल गंधार जरा जास्त टिकणारा. मंद्र सा सुरुवातीला जेमतेम जाणवणारा आणि सर्वांत शेवटपर्यंत उरणारा. म्हणून मंद्र सा चेलोला द्या: व्हायब्रेटो (स्वराची थरथर) नको, आठ-दहा सेकंद एकाच हलक्या दाबाने. वरचे स्वर पियानोवर तुटक. चेलो मोकळा नसेल तर ग्रँड पियानोच्या मधल्या पेडलने फक्त मंद्र सा धरून ठेवता येतो.

अनेक घंटा एकत्र झुलत असतील तर त्यांना तालात बांधू नका. प्रत्येकीचा झोका वेगळा असतो. तीन वादकांना मिनिटाला ५२, ५७ आणि ६१ अशा स्वतंत्र गती द्या. आघात एकमेकांपासून आपोआप सरकत राहतात.

पक्ष्याला जवळच्या स्वरात ओढणं

युरोपातल्या ब्लॅकबर्डची मुख्य शीळ साधारण १,५०० ते ३,००० हर्ट्‌झमध्ये असते. पाश्चात्त्य बासरीचा वरचा सी (C) साधारण २,०९३ हर्ट्‌झचा, म्हणजे बराच भाग पिकोलोचा, एक सप्तक वर वाजणाऱ्या छोट्या बासरीचा. त्या शिळेतले कण आणि घसरणी पियानोच्या पट्ट्यांत बसत नाहीत. प्रत्येक स्वर जवळच्या पट्टीवर ढकलला की पक्षी जातो आणि सरगमेचा पलटा उरतो.

फ्रेंच संगीतकार ऑलिव्हिए मेसियां पक्ष्यांचं गाणं खालच्या सप्तकात आणत, गती कमी करत आणि बारीक स्वरांतरं त्याच प्रमाणात रुंद करत. हा मार्ग आजही चालतो. रेकॉर्डिंग पाव गतीला आणा, सॉनिक व्हिज्युअलायझर या सॉफ्टवेअरमध्ये स्पेक्ट्रोग्राम (वेळेनुसार कंप्रता दाखवणारं चित्र) पाहून आधी फक्त चढउताराची रेषा काढा, स्वर नंतर भरा. आणि दोन ओळींमधली शांतता भरून काढू नका. ती त्या गाण्याचाच भाग आहे.

ट्रॅकमध्येच पक्षी संथ करायचा असेल (फिनलंडचे संगीतकार एइनोयुहानी राउतावारांनी १९७२ साली एका पक्ष्याचा आवाज दोन सप्तकं खाली आणून ऑर्केस्ट्रासोबत वापरला), तर रेकॉर्डिंग कोणत्या सॅम्पलिंग दराचं (सेकंदाला आवाजाचे किती नमुने) आहे ते बघा. ४८ किलोहर्ट्‌झच्या फाइलमध्ये जास्तीत जास्त २४ किलोहर्ट्‌झपर्यंतचा आवाज असतो. दोन सप्तकं उतरवला की ६ किलोहर्ट्‌झच्या वर काहीच उरत नाही आणि आवाज गोधडीखालून आल्यासारखा लागतो. ९६ किलोहर्ट्‌झवर घ्या, तेही २० किलोहर्ट्‌झच्या वर पकडणाऱ्या माइकने.

कुठल्याही पावसाला मल्हार

मल्हार वाजला की आपल्या श्रोत्याला आषाढ दिसतो. रचना स्कॉटलंडच्या दिवसभर चालणाऱ्या रिमझिमीवर असेल तर तुम्ही गाव बदललंत. दोन पाऊस मुद्दाम समोरासमोर ठेवायचे असतील तर जरूर वापरा, पण मियाँ मल्हारचा आंदोलित गंधार पियानोला देऊ नका. तिथे आंदोलनच होत नाही. तो व्हायोलिनला द्या. थेंबही समान अंतराने पडत नाहीत. प्रत्येक वादकाला पाच-सहा स्वरांचा तुकडा द्या आणि 'एकमेकांशी न जुळवता' अशी स्पष्ट सूचना लिहा.

जुनी मोबाइल क्लिप थेट ट्रॅकमध्ये

फोन बऱ्याचदा पाऊस आणि वारा गोंगाट समजून दाबतो, आणि व्हॉट्सॲपवरून आलेली क्लिप आणखी दबलेली असते. ती ऐकून स्वरलिपी लिहायला ठीक, मिक्समध्ये नको. नवं रेकॉर्डिंग करताना ऑटो लेव्हल बंद ठेवा, माइकला केसाळ वारारोधक लावा, आवाजाचं शिखर रेकॉर्डरच्या मीटरवर उणे १२ डेसिबलच्या आसपास राखा, एका जागी किमान दहा मिनिटं घ्या. झेनो-कँटो या पक्ष्यांच्या आवाजांच्या संकेतस्थळावरून पक्षी घेणार असाल तर प्रत्येक फाइलचा परवाना वाचा. कित्येक फाइलींत बदल करण्याची मुभा नसते, आणि गती कमी करणं हाही बदलच.

सलग आठ मिनिटांचा ट्रॅक लावून वादकांना त्यामागे धावायला लावू नका. अर्ध्या-एक मिनिटाचे तुकडे करा आणि वादकाने ट्रॅकसाठी जोडलेलं पायाचं पेडल दाबल्यावर पुढचा तुकडा सुरू होऊ द्या. स्पीकर सभागृहाच्या दोन टोकांना न ठेवता वादकांच्या मागे जवळ ठेवा, नाहीतर पक्षी एकीकडून आणि बासरी दुसरीकडून ऐकू येते. पातळी रिकाम्या सभागृहात ठरवली असेल तर प्रेक्षक आल्यावर ती पुन्हा कानाने तपासा. माणसांचे कपडेही वरच्या कंप्रता शोषतात.